चार्ज यादीत नसलेली शाळा
(प्रस्तावना)

मुख्याध्यापक झालो त्या दिवशी माझ्या हातात एक यादी आली. आधीच्या सरांनी ती स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली होती : जनरल रजिस्टर, किर्द, सेवापुस्तके, डेडस्टॉक रजिस्टर, कोरी आणि वापरलेली दाखल्यांची बुके, शिक्के, कपाटांच्या किल्ल्या, प्रयोगशाळेतली निर्लेखनासाठी बाजूला काढलेली दोन चंचुपात्रे. दोन तास आम्ही एकेक वस्तू समोर घेऊन तिच्यापुढे खूण करत होतो. शेवटी 'चार्ज दिला', 'चार्ज घेतला' असे लिहून सह्या झाल्या, चहा झाला आणि सर घरी गेले.

पाचवीच्या वर्गात किती मुलांना वजाबाकी येत नाही, कोणत्या शिक्षकाचा कोणता घटक कच्चा आहे, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर हंगामापुरती आलेली मुले वर्गात कुठे बसतात, कोणत्या मुली आठवीनंतर शाळा सोडण्याच्या बेतात आहेत, यांतले काहीच त्या यादीत नव्हते. सरांना हे सगळे तोंडपाठ होते. त्यांनी ते सांगितले नाही, कारण मी विचारले नाही. आणि मी विचारले नाही, कारण चार्ज घेताना हेही विचारायचे असते हे मला कोणीच शिकवले नव्हते. बी.एड. झाले होते, वीस वर्षे गणित शिकवले होते, सेवाज्येष्ठतेत माझा नंबर वरचा होता. तेवढे पुरेसे मानले गेले.

यात कोणी नियम मोडला नव्हता. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ची नियमावली आहे. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी ती पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव मागते. त्या पाचांतली किमान दोन वर्षे शिक्षणशास्त्राच्या पदवीनंतरची असावी लागतात. पात्र असलेल्यांमध्ये जो सेवेने ज्येष्ठ, त्याला पद. ज्येष्ठतेच्या या नियमाने संस्थाचालकांच्या मर्जीला लगाम घातला, आणि ज्यांनी नियमावलीपूर्वीचे दिवस पाहिले आहेत ते या नियमाचे मोल जाणतात. पण शाळा चालवण्याचे, दुसऱ्याचा तास पाहण्याचे, अभ्यासक्रमावर देखरेख ठेवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते, ही गोष्ट त्या नियमात कुठेच येत नाही. चांगला शिक्षक आपोआप चांगला मुख्याध्यापक होईल, असे आपण धरून चाललो आहोत. या पुस्तकाला मुख्य हरकत आहे ती या गृहीतकाला.

विषय नवा वाटणाऱ्यांसाठी आधी पदांची नावे स्पष्ट करतो. माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकाच्या खाली उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक असतात. पर्यवेक्षक या शब्दातच पाहणे आहे. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत त्याचा दिवस वेळापत्रकात, रजेवरच्या शिक्षकांचे तास लावण्यात आणि मधल्या सुट्टीनंतरची शिस्त सांभाळण्यात जातो. जिल्हा परिषदेच्या बाजूला केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी उतरंड आहे. शिक्षणाचा अधिकार कायदा प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक देतो, पण पहिली ते पाचवीचा पट दीडशेच्या वर असेल तरच; सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा शंभरची आहे. आमच्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर हा आकडा गाठणाऱ्या शाळा फार नाहीत. तिथे ज्येष्ठ शिक्षकच दोन वर्ग एकत्र शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेतो, ऑनलाइन माहिती भरतो आणि मुख्याध्यापक म्हणून सहीही करतो. या पुस्तकात 'मुख्याध्यापक' म्हटले आहे तिथे तोही अभिप्रेत आहे.

आता थोडा इतिहास, कारण आजच्या कामाच्या सवयी तिथून आल्या आहेत. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले आणि त्याच्याबरोबर इन्स्पेक्टर आणि डेप्युटी इन्स्पेक्टर आले. पुढे निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. साहेब येणार, मुलांची परीक्षा घेणार, जितकी मुले उत्तीर्ण तितका पैसा. 'तपासणी' या शब्दाला आपल्याकडे जो धाक चिकटला आहे, त्याचे मूळ इथे सापडते. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी या व्यवस्थेच्या वर्मावर बोट ठेवले. डेप्युटीची वर्षातली एक भेट कुचकामी आहे, शाळा निदान दर तीन महिन्यांनी पाहिली पाहिजे आणि मधूनमधून न कळवताही पाहिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या मुलांच्या घरात शिक्षण नाही, त्यांची शाळा कोणी नीट पाहिली नाही तर ती नावापुरतीच उरते, हे त्यांना स्वतःच्या शाळांच्या अनुभवावरून माहीत होते. फुल्यांची ही मागणी मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कारण देखरेख वाढवा असे इथे खालून मागितले गेले आहे, गरिबाच्या मुलाच्या बाजूने.

तिकडे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळाप्रमुखांचे प्रशिक्षण विद्यापीठात शिरले. एलवूड कबर्ली यांचे शालेय प्रशासनावरचे पाठ्यपुस्तक १९१६चे. कारखान्यात टेलर यांनी कामाचे मोजमाप सुरू केले होते. तीच दृष्टी शाळेला लावली गेली. हजेरी, खर्च, जागेचा वापर, वेळापत्रक हे सगळे मोजून काटेकोर करायचे. यातून चांगले काही निघालेच नाही असे नाही, वेळेवर सुरू होणारी शाळा हीही मुलांची गरज असते. पण शाळाप्रमुख हळूहळू व्यवस्थापक बनला आणि वर्गापासून दुरावला. रेमंड कॅलाहन यांनी १९६२मध्ये या कार्यक्षमतेच्या वेडावर एक मोठा अभ्यास लिहिला. दरम्यान १९४९मध्ये राल्फ टायलर यांनी अभ्यासक्रमासाठी चार साधे प्रश्न मांडले : कशासाठी शिकवायचे, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते अनुभव कसे रचायचे, आणि हेतू साधला की नाही हे कसे ओळखायचे. आपले वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन यांचे तक्ते पाहिले तर हे चार प्रश्न अजून ओळखू येतात, फक्त पहिला प्रश्न आपण छापील उद्दिष्टे उतरवून मिटवून टाकतो.

मला व्यक्तिशः ज्या विचाराने घडवले तो हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर यांच्या कामातून पुढे आला. इंग्रजीत त्याला दवाखान्याच्या भाषेतले नाव आहे. आम्ही या पुस्तकात 'सहपाहणी' म्हटले आहे. तास पाहण्याआधी शिक्षकाशी बोलायचे आणि आज काय पाहावे हे त्यालाच विचारायचे. मग मागे बसून जे दिसेल ते लिहायचे, मत लिहायचे नाही. नंतर दोघांनी त्या नोंदींवर बोलायचे. वाचायला सोपे आहे. करताना काय होते ते सांगतो.

पाचवीचा गणिताचा तास. फळ्यावर ४०२ वजा १७८. बाई उत्तम शिकवत होत्या, दशक नसेल तर शतक सुटा कसा करायचा हे काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवत होत्या. समोरच्या दोन रांगा एका सुरात उत्तर देत होत्या. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. माझ्या शेजारच्या मुलीने वहीत ३७६ लिहिले. चारातून एक गेला तीन, शून्याखाली सात म्हणून सात, आठातून दोन गेले सहा. जिथे मोठा आकडा दिसेल त्यातून ती लहान आकडा वजा करत होती. तिचा एक पक्का नियम होता आणि ती तो चुकू देत नव्हती. बाईंनी विचारले, "सगळ्यांचं आलं का?" तीही "हो बाई" म्हणाली. पूर्वी मी असा तास पाहून 'अध्यापन प्रभावी, फलकलेखन सुवाच्य' असे शेरेबुकात लिहिले असते. त्या दिवशी तास संपल्यावर मी ती वही बाईंच्या टेबलावर ठेवली आणि काहीच बोललो नाही. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "सर, हिच्यासारख्या अजून किती असतील?" त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून पाचवीच्या सगळ्या वह्या पाहिल्या. हिच्यासारखी मुले बरीच निघाली. पुढच्या महिन्यात बाईंनी आपणहून मला तासाला बोलावले.

ही पद्धत मी नोकरीच्या उत्तरार्धात, जवळजवळ अपघाताने शिकलो. ती पहिल्या वर्षी हातात असती तर किती वह्या पाहिल्या असत्या, हा विचार अजून छळतो.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या शेवटी रॉन एडमंड्स यांनी गरीब वस्त्यांतल्या चांगल्या चालणाऱ्या शाळांचा अभ्यास करून दाखवले की मुलांचे घर गरीब आहे ही शाळेच्या अपयशाची सबब होऊ शकत नाही, आणि अशा शाळांत शिकण्यावर लक्ष ठेवणारा प्रमुख असतो. तिथून 'शैक्षणिक नेतृत्व' ही कल्पना जगभर पसरली. इंग्लंडने १९९७मध्ये शाळाप्रमुखांसाठी राष्ट्रीय पात्रता आणली, सिंगापूरने २००१पासून निवडक उपमुख्याध्यापकांना सहा महिने पूर्णवेळ शिकवायला सुरुवात केली. पण पदव्या वाढल्या म्हणून प्रमुख घडले असेही नाही. आर्थर लेविन यांनी २००५मध्ये अमेरिकेतल्या या अभ्यासक्रमांची झाडाझडती घेतली. प्रवेश सैल, अभ्यास विस्कळीत, प्रत्यक्ष शाळेशी नाते तुटके आणि अनेकांचा डोळा पगारवाढीवर, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे असे अभ्यासक्रम वाढवताना तो अहवाल उशाशी ठेवावा.

आणि या सगळ्याला समांतर एक धारा आपल्या मातीत होती, जी आपण जवळजवळ विसरलो. आमच्या नेसरीहून पश्चिमेकडे आजरा तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७मध्ये जे. पी. नाईक जन्मले. भारताच्या शिक्षणाचा इतिहास त्यांनी सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर लिहिला, तो १९४३मध्ये आला. व्ही. टी. पाटील यांच्या साथीने गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव घेतलेली ही संस्था एकोणीसशे पन्नासच्या दशकात देशातल्या निवडक ग्रामीण उच्चशिक्षण संस्थांत गणली गेली. खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीपासून वरच्या शिक्षणापर्यंत सगळे एकाच आवारात, भोवतालच्या शेतीशी आणि गावांशी जोडलेले, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. १९६४ ते ६६ या काळात नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या अहवालात 'शाळा संकुल' ही कल्पना आहे : एका हायस्कूलभोवतीच्या प्राथमिक शाळांनी मिळून एक समूह व्हायचे, त्यांच्या प्रमुखांनी एकत्र बसून नियोजन करायचे, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वाटून वापरायची, अनुभवी शिक्षकाने नव्याला हात द्यायचा. जिल्ह्याच्या पातळीवर प्रशासन आणि पर्यवेक्षण वेगळे करावे असेही त्या अहवालाने सुचवले. पगारबिले काढणारा हात आणि तास पाहणारा डोळा एकाच माणसाचे असले तर डोळा नेहमी हरतो, हे गारगोटीसारख्या ठिकाणी राबलेल्या माणसाला कळलेले असणार, असे मला वाटते.

कोठारी आयोगाने शिक्षण प्रशासकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्थेचीही शिफारस केली होती. दिल्लीत युनेस्कोच्या मदतीने १९६२मध्ये सुरू झालेल्या केंद्राचे पुढे राष्ट्रीय स्टाफ कॉलेज झाले, १९७९मध्ये ते राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्था म्हणजे 'नीपा' झाले. २०१२मध्ये याच संस्थेत शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आणि शाळाप्रमुखांसाठी पदव्युत्तर पदविकाही आली. आपल्या राज्यात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका हजारो शिक्षकांनी केली आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचाही असा अभ्यासक्रम आहे. एम.एड.मध्ये शैक्षणिक प्रशासनाचा अभ्यास पूर्वीपासून आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६मध्ये प्राथमिक शिक्षणाचा एम.ए. सुरू केला तो नोकरीतल्या माणसांना शिकता यावा अशा रचनेचा होता : काही आठवडे मुंबईत, बाकी काळ आपल्या कामाच्या जागी. मला या शेवटच्या रचनेत सर्वांत जास्त आशा वाटते. मुख्याध्यापकाला दोन वर्षे शाळेतून उचलून वर्गात बसवणे परवडत नाही, आणि सुट्टीत तीन दिवस मंगल कार्यालयात बसवून स्लाइड दाखवणे म्हणजे प्रशिक्षण होत नाही. शाळाच त्याची प्रयोगशाळा झाली पाहिजे.

ते होऊ शकते याची दोन उदाहरणे जवळचीच आहेत. लीलाताई पाटील यांनी आयुष्यभर शिक्षक घडवण्याचे काम केले आणि नंतर १९८५मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. निवृत्तीच्या वयात त्या वर्गात परत गेल्या, रोज काय घडले ते लिहीत राहिल्या आणि त्यांच्या लेखनावर महाराष्ट्रातल्या शिक्षकांची एक पिढी वाढली. अध्यापक महाविद्यालय आणि शाळा यांच्यातली भिंत त्यांनी स्वतः चालत ओलांडली. दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचे. कुमठे बीटच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी पद्धतीने काम केले. वर्गाच्या फरशीवर आखणी आली, मुले गटात बसून एकमेकांना शिकवू लागली, आणि राज्यभरातले शिक्षक हे वर्ग पाहायला येऊ लागले. विस्तार अधिकारी हे पद कागदोपत्री तपासणीचे. त्याच पदावर बसून अभ्यासक्रमाची देखरेख किती जिवंत करता येते हे तिथे दिसले.

पण इथे एक धोका आहे आणि तो आमच्या भागात राहून मला जास्त जाणवतो. नेसरीच्या खिंडीत १६७४च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर सहा सरदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. दरवर्षी आमची मुले त्या स्मारकाला जातात आणि मान लववतात. त्या शौर्यापुढे मीही नम्र आहे. पण शाळांच्या बाबतीतही आपण अशाच एकट्या स्वाराची वाट पाहत बसतो. एखादी शाळा सुधारली की तिथल्या धडाडीच्या गुरुजींचे नाव घेतो, सत्कार करतो, आणि त्यांची बदली झाली की शाळा होती तिथे परत येते. लीलाताई किंवा भराडे बाई यांच्या कामातले जे शिकण्याजोगे आहे ते व्यक्तीपासून सोडवून, मांडून, दुसऱ्याच्या हातात देता आले पाहिजे. पदव्युत्तर शिक्षणाचे काम हेच आहे.

हे आत्ताच का, याचे उत्तर शाळेत रोज मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने शाळा संकुलाची कल्पना पुन्हा पुढे आणली आहे, शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे पन्नास तास कसे भरायचे याचे दोन मार्ग आहेत. मोबाइलवर चित्रफीत सुरू ठेवून दुसरीकडे पोर्टलवर माहिती भरत बसायचे आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, हा एक. ते करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. एका माणसावर इतकी कामे लादल्यावर तो दुसरे काय करणार? दुसरा मार्ग म्हणजे केंद्रातल्या आठ-दहा शाळांच्या प्रमुखांनी आळीपाळीने एकमेकांच्या शाळेत जायचे, दोन तास पाहायचे, वह्या पाहायच्या आणि बोलायचे. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आहेत, केंद्रशाळा आहेत, शिक्षण परिषदा भरतात. सांगाडा तयार आहे. त्यात बोलायचे काय, हे शिकणे उरले आहे.

हे पुस्तक त्या बोलण्यासाठी आहे. ते कसे जमले तेही सांगतो. निवृत्त होताना मी माझ्या चार्ज यादीला एक जादा पान जोडले. त्यावर वर्गवार लिहिले होते : कुठे काय अडले आहे, कोणत्या शिक्षकाकडून काय शिकण्यासारखे आहे, कोणत्या घरी जाऊन यायला हवे. माझ्या जागी आलेल्या बाईंनी ते तिथेच उभ्या राहून वाचले आणि विचारले, "सर, ह्याच्यावर सही कुठं करायची?" त्या पानाची प्रत पुढे दोन-तीन शाळांत गेली. मग आसपासच्या तालुक्यांतले काही मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि अध्यापक महाविद्यालयांतले सहकारी महिन्यातून एकदा भेटू लागलो. आपापल्या शाळेतला एक प्रसंग प्रत्येकाने लिहून आणायचा, असा नियम होता. त्या लेखनाला जगभरातल्या विचारांची जोड मिळाली आणि पुस्तकाला आकार आला.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. विभागीय परीक्षेची तयारी, शासन निर्णयांचे संकलन, सेवाशर्तींचे खुलासे यांसाठी चांगली पुस्तके बाजारात आहेत. इथे ते नाही. पैशाच्या हिशोबावरही आम्ही थोडेच लिहिले आहे. भर आहे तो अभ्यासक्रम आणि वर्ग यांवर, आणि तोही मराठीत, कारण या विषयाचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि त्यामुळे ते ज्यांना हवे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. परिभाषा बेतताना शाळेतल्या स्टाफरूममध्ये बोलता येईल असा शब्द निवडला आहे. कुठे तो शास्त्रशुद्ध वाटला नाही तर अभ्यासकांनी समजून घ्यावे. सीमाभागातल्या वाचकांचा विचार करून काही प्रसंग कन्नड घरभाषा असलेल्या मुलांचे घेतले आहेत. गडहिंग्लजच्या पूर्व भागातल्या वर्गांत मुलांच्या तोंडी मराठी आणि कन्नड रोज मिसळतात, आणि अभ्यासक्रमाच्या कोणत्याही देखरेखीला हे ऐकू आले पाहिजे.

शेवटी तास-पाहणीचा एक तक्ता जोडला आहे. त्याच्या झेरॉक्स काढाव्यात, रकाने आपल्या शाळेप्रमाणे बदलावेत. डावीकडच्या रकान्यात शिक्षक काय करत होते ते लिहायचे आहे, उजवीकडच्यात त्याच वेळी एखादे मूल काय करत होते ते. आमच्या गटाचे पहिल्या वर्षाचे तक्ते आम्ही जपून ठेवले आहेत. डावा रकाना काठोकाठ भरलेला आहे, उजवा बहुतेक पानांवर कोरा. दुसऱ्या वर्षी तिथे नावे दिसू लागतात.

नेसरी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर